कंपायलरला आवतन

किस्से काही जमवावे लागत नाहीत, ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साचतात तसे ते आपोआप साचतात. कुठला कशाचा ते आठवत नाही, पण टाकवतही नाही! परवा एका लग्नात मावशीनं विचारलं, "तुम्ही तिथं ऑफिसात दिवसभर करता तरी काय गं?" मी सांगायला लागले, तर पंगत उठून दुसरी बसली तरी माझं चालूच. मग ठरवलं, एकदा लिहूनच टाकावं.

आमचं ऑफिस परभणीत, बी-बियाणांच्या एका दुकानाच्या वर. माणसं तीन. एक मी, जिला सगळे ताई म्हणतात, कारण वयानं मोठी आणि आवाजानंही. दुसरी नसरीन, रोज पूर्णेहून रेल्वेनं येते. तिसरा शिवाजी, पालमकडच्या खेड्यातून एसटीनं येतो. वडील तो लहान असतानाच गेले. घरी आई आणि मेंढरं.

कंपनी पुण्याची, आम्ही तिचं शेपूट. कालव्याच्या दारावर बसवायचा एक डबा कंपनी बनवते. पाणी किती आलं नि किती गेलं हे तो डबा मोजतो आणि कळवतो. डब्याच्या पोटात कर्नेल असतो, म्हणजे सगळ्या यंत्राचा कारभारी. त्या कारभाऱ्यासाठी आम्ही कोड लिहितो.

आता आमचं लिहिलेलं यंत्राला थेट कळत नाही. मध्ये कंपायलर नावाचा दुभाषी लागतो. तोही एक प्रोग्रॅमच, पण स्वभाव तहसिलातल्या जुन्या कारकुनाचा! एखादं फंक्शन वापरलं, आणि ते कोण, कुठलं, काय परत देणार हे आधी सांगून ठेवलं नाही, की लगेच वॉर्निंग देतो. शिवाजी तर त्याच्याबद्दल माणसाबद्दल बोलावं तसंच बोलायचा. दुपारी आईचा फोन आला की हा सांगणार, "न्हाई ना आई, शेवटची गाडी धरावी लागंल. कंपायलरनं आडवलंय सकाळपासून." आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

*

नसरीन नवीन होती तेव्हाची गोष्ट. अक्षरांची लांबी मोजणारं एक फंक्शन असतं, ते तिनं वापरलं. हे फंक्शन कंपायलरला उपजतच माहीत असतं. अशी बरीच आहेत, त्यांना बिल्ट-इन म्हणतात. नसरीनला वाटलं, ह्याला माहीतच आहे तर ओळख कशाला करून द्यायची?

तर पठ्ठ्यानं वॉर्निंग दिली! म्हणाला, ह्याला मी ओळखतो, पण तू न सांगता आणलंस, आणि तू आणलेला मला माहीत असलेल्याशी जुळत नाही. वर, अमुक फाईल जोड म्हणजे ओळख होईल, असा सल्लाही दिला.

नसरीननं वॉर्निंग परत एकदा वाचली. मग म्हणाली, "ताई, ह्ये तर आमच्या फुप्पीसारखं झालं. तिला सगळं ठाऊक असतंय. तरी आपण तोंडानं सांगायचं. न्हाई सांगितलं की रुसून बसती."

फाईल जोडली आणि फुप्पीचा, म्हणजे आत्याचा, रुसवा गेला.

*

पण ह्या प्रकाराला खरं नाव मिळालं ते शिवाजीच्या गावात.

त्याच्या बहिणीच्या लेकराचं जावळ होतं, मामाच्या मांडीवर. आम्ही दोघी गेलो होतो. अंगणात पंगत बसली, वाढपी फिरायला लागले. समोर, अगदी हाताच्या अंतरावर, शिवाजीच्या चुलत्यांचं घर. चुलते ओट्यावर बसून आमच्या पंगतीकडं बघत होते. अंगावर नवीन सदरा, केस विंचरलेले, पण जागचे हलत नव्हते.

मी शिवाजीला विचारलं, हे जेवायला का येत नाहीत? त्यानं जीभ चावली आणि तसाच पळत गेला. चुलत्यांपुढं उभा राहून म्हणाला, जेवायला चला. चुलते उठले, रांगेत येऊन बसले आणि पोटभर जेवले. सकाळपासून मांडव घालायला, चुलीला लाकडं फोडायला तेच होते!

मला राहवलं नाही. मी म्हटलं, काका, तुम्ही तर घरचेच, तुम्हाला कशाला बोलावणं लागतं?

चुलते म्हणाले, "घरचा हाय म्हणून तर आवतन पायजे. परका काय, बिगर आवतनाचाबी येऊन जेवून जाईल."

परत येताना एसटीत नसरीन एकदम म्हणाली, कंपायलरचंही हेच आहे. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात फंक्शनची आधी ओळख करून देण्याला आवतन देणं म्हणतात. कुणी वॉर्निंगला अडकलं की बाकीचे दोघं मान वर न करता विचारतात, "आवतन दिलं का?" दहातल्या नऊ वेळा दिलेलं नसतं.

*

शिवाजीची फजिती मात्र वेगळीच.

डबा चालू होताना आधी एक छोटा प्रोग्रॅम पळतो. तेव्हा कारभारी झोपेत असतो, आयतं काही मिळत नाही. एका जागची माहिती उचलून दुसऱ्या जागी ठेवणं एवढंसं कामसुद्धा आपलं आपण लिहावं लागतं. शिवाजीनं ते लिहिलं. एक एक दाणा उचलायचा, पलीकडं टाकायचा, झालं. साधं, सुबक. मी स्वतः तपासलं होतं.

डबा सुरूच होईना.

शिवाजीनं वायरी तपासल्या, केबल बदलली. मग कंपायलरनं नेमकं काय भाषांतर केलंय ते उघडून बघितलं. तर साहेबांनी हुशारी केली होती! त्यांनी ओळखलं की हे तर माहिती हलवण्याचं काम, ह्यासाठी माझ्याकडं तयार नाव आहे. त्यांनी शिवाजीच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या आणि तिथं लिहिलं, 'माहिती हलवणाऱ्या फंक्शनला बोलवा.' आणि ते फंक्शन म्हणजे शिवाजी लिहीत होता तेच! ते स्वतःलाच बोलावत बसलं होतं.

शिवाजी खुर्चीत मागं रेलला. "मी त्याला म्हणलो, ह्ये काम तू कर. त्यो म्हणला, ज्याचं काम हाय त्याला सांगतो. अन् हाक मारली मलाच."

अशा जागी कंपायलरला एक सूचना द्यावी लागते, की बाबा रे, तुझं उपजत शहाणपण इथं वापरू नकोस. ही सूचना मी घरी नवऱ्यालाही देऊन पाहिली. तिथं चालत नाही!

*

आता जरा वाईट दिवसांचं सांगते.

कंपनीनं डब्यासाठी नवीन बोर्ड घेतला. यंत्राच्या पोटात प्रत्येक वस्तूच्या जागेला आकड्यांचा पत्ता असतो. जुना बोर्ड लहान पत्त्यांचा, नवा मोठ्या पत्त्यांचा. आमचा कोड नव्यावर चढवला. छान चालला. आणि लाईट गेली की मेला! लाईट गेल्यावर डब्यानं बॅटरीवर जायचं असतं. जुना डबा मुकाट्यानं जायचा. नवा जागीच गार व्हायचा.

पुण्याला राजेंद्र सर आमचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण बोलणं मोजकं आणि कोरडं. त्यांनी मीटिंगमध्ये सरळ सांगितलं की पुण्यात हाच डबा कितीतरी दिवस चालू आहे, काही होत नाही. दोष परभणीच्या विजेत आहे. जिथं लाईट टिकत नाही तिथं असलं काम ठेवण्यात अर्थ नाही. दुकानाच्या वरची जागा सोडायची आणि तिघांनी पुण्याला यायचं, असा त्यांचा विचार चाललाय.

स्क्रीन बंद झाला. मी कदाचित गेलेही असते, रडत-कुढत. नसरीनच्या घरी पूर्णा-परभणी गाडी मंजूर होती, पुणे नव्हतं. आणि शिवाजीचं तर बोलायलाच नको. तो पुण्याला गेला तर आई एकटी. आईला न्यावं, तर मेंढरं कुठं न्यायची? ती मेंढरं विकून शहरात येणारी बाई नव्हती. नोकरी सोडावी, तर ह्याच नोकरीसाठी तिनं पोराला मेंढरांमागं जाऊ दिलं नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. मी चहा मागवला, तो तिघांनीही थंड केला.

त्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा शिवाजीनं पुण्याचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "कंपायलरनं काय तरी दाबून धरलंय आई. त्यो खरं बोलला तर मी इथंच राहतोय. न्हाईतर अवघड हाय."

*

पिंगळीच्या स्टेशनावर नसरीनची गाडी नेहमी थांबते आणि कधीकधी निघायचं विसरते. समोरून दुसरी गाडी यायची असते, ती येत नाही. लोक उतरून शेंगा खातात, नसरीन लॅपटॉप उघडते.

अशाच एका सकाळी तिचा मला फोन आला. आवाज अगदी हळू, गाडीच्या डब्यात कुणी झोपलं असावं तसा. "ताई, एक इचारू का? आपल्या बॅटरीच्या जुन्या फाईलीत वर एक ओळ हाय. तिच्यापुढं लिव्हलंय, यास हात लावू नये. ती कामून हाय?"

मला माहीत होती ती ओळ. आम्ही येण्याच्या आधीपासूनची. आमच्याकडं मोठ्यांनी बांधलेल्या गाठीला कुणी हात लावत नाही. देवघरातला दोरा असो की कोडातली ओळ! मी म्हटलं, असेल काही कारण, पूर्वीच्या माणसांनी ठेवलीय.

नसरीन म्हणाली, "मी लावला हात."

ती ओळ म्हणजे त्या एका फाईलीपुरती कंपायलरच्या तोंडावर बांधलेली पट्टी होती. वॉर्निंग देऊ नकोस, एवढाच तिचा अर्थ. एवढी वर्षं बिचारा कारकून सगळं बघत होता आणि गप्प बसत होता! पट्टी सुटल्याबरोबर त्यानं भडाभडा बोलून घेतलं. त्यातली एक वॉर्निंग नसरीननं मला वाचून दाखवली. लाईट गेल्यावर बॅटरीचा पत्ता शोधून देणारं जे फंक्शन, त्यालाच आवतन नव्हतं.

आवतन नसलं की जुन्या वळणाचा कंपायलर मनानंच धरून चालतो, की हा साधा आकडाच परत देणार. आकड्याची जागा लहान, बॅटरीचा पत्ता मोठा. मग तो पत्ता अर्धा कापून ठेवतो. जुन्या बोर्डावर पत्ते लहानच, म्हणून कापाकापी झाली नाही. नव्यावर पत्ता कापला गेला आणि डबा भलत्याच ठिकाणी जाऊन पडला. आपल्याकडं नाही का, पाकिटावर नुसतं पिंपळगाव लिहिलं तर ते कुठल्या पिंपळगावला जाईल सांगता येत नाही!

नसरीननं पिंगळीच्या स्टेशनातच आवतन दिलं. एकच फाईल जोडली. मग गाडी हलली.

*

आता हे राजेंद्र सरांना सांगायचं कुणी? कारण 'यास हात लावू नये'च्या शेजारी सहीसारखं एक अक्षर होतं. रा.

मी म्हटलं मी सांगते, पण तोंड उघडलं की माझा आवाज चढतो हे दोघांनाही माहीत. नसरीननंच सांगितलं, शांतपणे. आधी दोष सांगितला, मग ओळ दाखवली. पुण्याला ऑफिसात जनरेटर आहे, तिथं डबा कधी बॅटरीवर गेलाच नव्हता, म्हणून दोष तिथं दिसायचा प्रश्नच नव्हता, हेही सांगितलं. परभणीत लाईट जाते म्हणून सापडला.

सरांनी ती ओळ स्क्रीनवर मोठी करून बघितली. मग म्हणाले, "ती ओळ माझीच आहे. तेव्हा वॉर्निंग फार यायच्या आणि वरून घाई होती. म्हणून त्याचं तोंड बंद केलं."

मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

*

पण सर ते सरच. म्हणाले, प्लग काढून दाखवू नका. खरी लाईट जाते तेव्हा ती फडफडते, अर्धी येते, परत जाते. तशी जाऊ द्या, मी बघत बसतो. त्यांनी सकाळपासून मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवला.

आणि त्या दिवशी लाईट जाईना!

रोज जाते. उन्हाळ्यात जाते, पावसाळ्यात जाते, कावळा बसला तरी जाते. त्या दिवशी नाही. आम्ही तिघं बल्बकडं बघत बसलेलो. खालच्या दुकानातल्या काकांना विचारून आलो, आज काय झालंय? ते म्हणाले, देवाची कृपा आहे, आज फार छान चाललीय. शिवाजीचा चेहरा पडला.

दुपारी जेवतानाही डबे डब्याकडं तोंड करून उघडले. सर पुण्यात आपलं काम करत होते, मधून एकदा मान वर करून बघायचे. अखेर शिवाजी म्हणाला, "ताई, वायरमनला फोन लावू का?" मी म्हटलं, काय सांगशील त्याला? लाईट आहे म्हणून तक्रार?

उन्हं कलली आणि पंख्याची गरगर मंदावली. बल्ब लाल झाला, परत पेटला, फडफडला, गेला.

डबा चालू होता. त्याचा हिरवा दिवा तसाच. लाईट आली, गेली, परत आली. डबा चालू.

नसरीन टाळ्या वाजवायला लागली, मग मी, मग शिवाजी. खालून काकांनी ओरडून विचारलं, काय झालं? मी खिडकीतून सांगितलं, लाईट गेली!  तेव्हापासून काका माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

मोबाईलवर सर म्हणाले, "ऑफिस तिथंच ठेवा. लाईट जाते तिथंच ठेवा." आणि बंद केलं. शिवाजी जिन्यात जाऊन आईला फोन करून आला. डोळे लाल होते. 

*

मग कळलं की आईनं नवस बोलला होता. पोरगं इथंच राहिलं तर कंदुरी करीन.

आमच्याकडं कंदुरी म्हणजे दर्ग्यावर बकरं कापून नवस फेडायचा आणि सगळ्यांना जेवू घालायचं. नवस हिंदूचा असो की मुसलमानाचा, पंगत एकच. आईनं स्वतःच्या कळपातलं बकरू राखून ठेवलं होतं. शिवाजी एकेकाच्या टेबलापाशी उभा राहून तोंडानं आवतन देऊन गेला, मला, नसरीनला, खालच्या काकांना. राजेंद्र सरांना फोनवर दिलं. ते म्हणाले, बघतो. पुण्यात बघतो म्हणजे नाही, हे आता आम्हाला समजतं.

दर्गा गावाबाहेर शिवारात, मोठ्या कडुलिंबाखाली. नसरीनच्या अब्बांनी फातेहा वाचला. पंगत बसली. आई कमरेला पदर खोचून स्वतः वाढत होती. आमच्या रांगेत एक ताट रिकामं होतं. तिथं कुणी बसायला लागलं की आई हात आडवा घालायची.

मी विचारलं, मावशी, हे कुणाचं?

"कंपायलरसायबाचं," आई म्हणाली. "मी शिवाजीला बजावून सांगितलंय, सगळ्यांत आधी त्याला आवतन दे म्हणून. दिलं का न्हाई रं?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. शिवाजीचे कान लाल झाले. तो काहीतरी सांगायला उठला, तेवढ्यात बांधाच्या पलीकडं एक गाडी येऊन थांबली. राजेंद्र सर उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट, तोंडावर घाम. पंगतीच्या कडेला येऊन तसेच उभे राहिले, आत यावं की नाही कळेना असे.

आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. डोक्यावर पदर घेतला आणि पुढं गेली.

"या सायेब. तुमीच ना ते कंपायलर?"

सरांनी आमच्याकडं बघितलं. 

"लय कडक हाव म्हणं तुमी," आई म्हणाली. "वळख सांगितल्याबिगर कुणाला आत घेत न्हाई. बरं करता. कडकच ऱ्हावं मानसानं. तुमी खरं बोललाव म्हणून मपलं पोरगं मपल्याजवळ ऱ्हायलं."

सरांनी खाली वाकून बूट काढले. त्या रिकाम्या ताटावर येऊन मांडी घालून बसले.

"आधी नव्हतो आई," ते म्हणाले. "आता झालोय कडक."

आणि भाकरी कुस्करायला घेतली.